अहवाल येईल तेव्हा येईल, तुम्ही अर्ज करा

नाशिकच्या सातपूरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"माझे मिस्टर फिटर होते. सातपूरच्या आयटीआयमधून शिकले, अंबडला दहा वर्षं नोकरी केली. कंपनी बंद पडल्यावर एका ठेकेदारामार्फत मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, जायला लागले. पंचेचाळीस दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी, पगार महिना ३२ हजार. मार्च २०२५ मध्ये बार्जवर (कामासाठीच्या सपाट नौकेवर) क्रेनने पाइपचा तुकडा उचलताना स्लिंग, म्हणजे माल बांधायचा दोर, तुटली, माल झोकांडी खाऊन त्यांच्या अंगावर आला आणि ते समुद्रात फेकले गेले. वय ३४. सहा तासांनी बॉडी मिळाली, पोस्टमॉर्टेम मुंबईत झालं. तेराव्यानंतर ठेकेदाराचा माणूस ३ लाखांचा चेक देऊन गेला आणि एका स्टॅम्पपेपरवर माझी सही घेऊन गेला. कागद इंग्रजीत होता. आता विचारलं की म्हणतात, चौकशी चालू आहे, अहवाल आल्याशिवाय काही देता येत नाही. शिवाय यांनी सेफ्टी बेल्ट लावला नव्हता, त्यामुळे अहवाल आमच्या विरोधातच जाईल. दीर म्हणतात, खोल समुद्रात आपला कायदाच चालत नाही. सासूबाई म्हणतात, गेलेलं माणूस परत येत नाही, कोर्टकचेरी नको. घरात दोन मुलं आहेत. यांच्या बॅगेत एक छोटी वही सापडली, तिच्यात रोजच्या ड्यूटीचे तास लिहिलेत. तिचा काही उपयोग आहे का? अर्ज करू, की अहवाल येईपर्यंत थांबू?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबू नका. हे पत्र वाचून झालं की याच आठवड्यात कामाला लागा, कारण वर्ष उलटून गेलं आहे आणि मुदतीचे दिवस तुमच्या हातून जात आहेत.

हे इतक्या ठासून सांगते, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना एक तरुण दगावला. त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा अपघाताला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती. मी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? ती म्हणाली, "साहेब म्हणाले चौकशीचा कागद येऊ द्या." चौकशीचा कागद आलाच नव्हता. दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते, ती निघून गेली होती. उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागला आणि नुसत्या त्या अर्जावर आठ महिने तारखा पडल्या. तो माफ झाला, पुढे पैसेही मिळाले. पण दर तारखेला ती पदराआड लहानगीला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली असायची, ते दिवस तिला कोणी परत दिले नाहीत. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.

तुम्हाला जे सांगितलं गेलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम किंवा अजाणता एकात एक मिसळल्या आहेत. समुद्रावरच्या अपघातानंतर होणाऱ्या सरकारी चौकश्या ही एक गोष्ट, आणि तुमचा भरपाईचा हक्क ही दुसरी. पहिली पूर्ण होण्यावर दुसरी अवलंबून नाही.

चौकश्या किती प्रकारच्या असतात ते बघा. मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा करतात, शवविच्छेदनाला पाठवतात. हलगर्जीपणा दिसला तर गुन्हा दाखल होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांचा प्रश्न असतो, गुन्हा कोणाचा? दुसरी चौकशी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची. समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे २००८ चे नियम आहेत, त्यांच्या अंमलबजावणीचं काम या संचालनालयाकडे आहे. त्यांचा प्रश्न, कोणती पद्धत चुकली आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलायचं? अपघात जहाजावर किंवा बार्जवर झाला असेल तर नौवहन महासंचालनालय प्राथमिक चौकशी करतं. हेलिकॉप्टर पडलं तर विमान अपघात अन्वेषण ब्युरो येतो. याशिवाय तेल कंपनी आणि मुख्य ठेकेदार आपापली खात्याअंतर्गत चौकशी करतात, ती बहुतेक वेळा बाहेर कोणाला दाखवत नाहीत. या सगळ्यांत तुमच्या घरात पैसे कधी आणि किती येणार, हा प्रश्न एकाच्याही यादीत नाही. तो तुम्हालाच विचारावा लागतो, आणि तो विचारायची जागा वेगळी आहे.

मुंबई हायजवळ बुडालेली पापा-३०५ बार्ज आठवत असेल. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. बार्जवर २६१ माणसं होती, १८६ वाचली. त्याच वादळात वरप्रदा ही टगबोट बुडाली, तिच्यावरच्या १३ पैकी ११ गेले. दोन्ही मिळून ८६ जीव. कितीतरी मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. त्या एकाच घटनेवर मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात कॅप्टन आणि इतरांविरुद्ध गुन्हा दाखल झाला, तोही बार्जच्याच मुख्य अभियंत्याच्या तक्रारीवरून. आणि पेट्रोलियम मंत्रालयाने उच्चस्तरीय समिती नेमली, जिच्यात नौवहन महासंचालक होते. पोलिसांचं काम एकीकडे, समितीचं दुसरीकडे. भरपाईचा रस्ता तिसरा.

त्याआधी २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला आग लागली होती. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली होती, त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला जहाज जवळ गेलं आणि गॅस वाहून आणणाऱ्या उभ्या नळीवर, म्हणजे रायझरवर आदळलं. २२ माणसं गेली, त्यातल्या निम्म्या जणांचे मृतदेहही मिळाले नाहीत. रायझर सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला होते, जहाजाचा धक्का बसेल अशा जागी. अशा गोष्टी शोधून काढणं हे चौकशीचं खरं मोल आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीला काढलेला होता आणि ते रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोचलंच नाही; त्यांनी तोच पंप सुरू केला. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीने नोव्हेंबर १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि जगभरात समुद्रातल्या कामाची शिस्त बदलली. आज बार्जवर वर्क परमिटशिवाय, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवानगीशिवाय, कामाला हात लावू देत नाहीत, त्यामागे ती माणसं आहेत. पण त्या अपघातात कंपनीवर फौजदारी खटला चालला नाही. इतक्या मोठ्या चौकशीनंतरही घरच्यांना आपला पैसा वेगळ्या वाटेनेच मिळवावा लागला.

आता बेल्टचं. तुमच्या पत्रात हे वाक्य दोनदा आलंय आणि दुसऱ्यांदा शाई पसरली आहे. मला वाटतं ठेकेदाराच्या माणसाने जे काही सांगितलं त्यात हेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. म्हणून सावकाश वाचा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ मध्ये मालकाला सुटायला काही वाटा आहेत: कामगार दारूच्या नशेत होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, मुद्दाम सुरक्षेचं साधन काढून टाकलं. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की कामगाराचा मृत्यू झाला असेल किंवा त्याला कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या वाटा बंद. तुमच्या मिस्टरांनी बेल्ट लावला होता का नव्हता, याने तुमच्या भरपाईतला एक रुपया कमी होत नाही. भरपाई आयुक्तांसमोर, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, तीनच गोष्टी लागतात: ते कामावर होते, अपघात कामाच्या ओघात झाला, आणि मृत्यू त्या अपघातामुळे झाला. बाकी दोष कोणाचा हे बघायची गरज नाही.

आणि खरं सांगायचं तर मला बेल्टचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही पटलेला नाही. स्लिंग तुटून लोंबकळता माल अंगावर आला असेल, तर पहिला प्रश्न स्लिंगचा आहे. प्रत्येक स्लिंगच्या टोकाला छोटा पत्रा असतो, त्यावर तिचा नंबर आणि किती टनापर्यंत उचलायचं तो आकडा कोरलेला असतो. ठराविक महिन्यांनी तपासणी होते आणि तपासलेल्या स्लिंगला त्या पाळीचा रंग लावतात. म्हणजे डेकवर नुसता रंग बघून कळतं की ही वापरायची की बाजूला टाकायची. ती स्लिंग कुठली होती, शेवटची तपासणी कधीची, तुटलेला तुकडा जपून ठेवलाय का, लोंबकळत्या मालाखाली आणि आसपास माणसं उभी का होती, सिग्नल कोण देत होतं? बेल्टची गोष्ट यांतल्या एकाचंही उत्तर देत नाही. हे प्रश्न लिहून ठेवा, पुढे लागतील.

पैशाचा हिशोब. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पगार ३२ हजार असला तरी या हिशोबात ३ जानेवारी २०२० पासून १५ हजारांची मर्यादा आहे. ती फार कमी आहे, हे माझं स्पष्ट मत. तर १५ हजारांचे अर्धे साडेसात हजार. ३४ वर्षांचा गुणक १९९.४०. गुणाकार होतो १४ लाख ९५ हजार ५०० रुपये. अंत्यविधीच्या खर्चापोटी किमान ५ हजार वेगळे. मालकाने ही रक्कम एक महिन्याच्या आत जमा करायची असते. नाही केली तर दरसाल १२ टक्के सरळ व्याज. म्हणजे वर्षाला १ लाख ७९ हजार ४६०, दिवसाला साधारण ४९० रुपये. शिवाय उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लावता येतो, आणि तोही तुम्हालाच मिळतो. "चौकशी चालू आहे" हे या कायद्यात उशिराचं कारण म्हणून लिहिलेलं नाही. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगून ठेवलंय.

ज्या स्टॅम्पपेपरवर सही झाली त्याने झोप उडाली असेल. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई थेट घरच्यांच्या हातात देणं कायद्याला मान्यच नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. थेट दिलेला पैसा भरपाई धरला जात नाही. फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल म्हणून त्यातून वजा होऊ शकते. दुसरं, "आमचं काही देणं राहिलं नाही, आम्ही हक्क सोडतो" असा करार या कायद्याखाली रद्दबातल आहे. तुम्ही काय सही केली ते महत्त्वाचं आहे, पण त्याने दार बंद झालेलं नाही. त्या कागदाची प्रत लेखी मागा. आणि आता जो "फुल अँड फायनल" कागद घेऊन कोणी येईल, त्यावर वकिलाने वाचल्याशिवाय सही नको, मग समोरचा कितीही गोड बोलो. चेक परत करायची गरज नाही. अर्जात मात्र ३ लाख मिळाले हे प्रामाणिकपणे लिहा, लपवू नका.

दिरांना सांगा, खोल समुद्रातही आपला कायदा चालतो. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपली सार्वभौम हद्द आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. मुंबई हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, त्या क्षेत्राच्या पुरतं आत. नैसर्गिक तेल आणि वायू काढण्याच्या कामावरचे कामगार तर १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आहेत. आणि दाव्यासाठी मुंबईला जायचीही गरज नाही: जिथे मृताच्या घरचे राहतात तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. तुमच्यासाठी ते नाशिकमध्येच आहे, कामगार न्यायालयात.

मुदतीबद्दल अजून एक बारीक पण धोक्याची गोष्ट. सर्वसाधारण मुदत दोन वर्षं, म्हणजे तुमची मार्च २०२७ ला संपेल. पण समुद्रावरच्या माणसाच्या बाबतीत समोरचे वकील म्हणू शकतात की हा "नाविक" होता, आणि नाविकाच्या मृत्यूसाठी बातमी कळल्यापासून एकच वर्ष मिळतं. तुमचे मिस्टर फिटर होते, जहाज चालवणाऱ्या ताफ्यात नव्हते, त्यामुळे हा मुद्दा टिकू नये असं मला वाटतं. तरीही अर्जासोबत उशीर माफीची विनंती आत्ताच जोडा. ठेकेदाराने "अहवाल येऊ द्या" म्हणून थांबवून ठेवलं हे सबळ कारण आहे. त्यांनी तसं मेसेजमध्ये लिहिलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट काढा. तसंच जहाजांवरच्या दाव्यांसाठी असलेल्या २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात जहाज किंवा बार्ज अटकवून दावा करता येतो, पण त्यातला जहाजावरचा सर्वांत भक्कम बोजा, म्हणजे जहाजातूनच पैसे वसूल करायचा हक्क, एका वर्षात सुटतो. तो बहुधा हातून गेला. याचं वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेलं मात्र धरून ठेवू.

कायदा बदलल्याचंही कानावर येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. तुमचा अपघात त्याआधीचा, हक्क त्या दिवशीच जन्माला आला. अर्जात कोणतं कलम लिहायचं ते वकील बघतील. "जुना कायदा गेला, आता काही मिळणार नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

अर्जात कोणाकोणाला पक्षकार करायचं? ज्याने पगार दिला तो ठेकेदार, त्याच्यावरचा मुख्य ठेकेदार, ज्यांचं काम चाललं होतं ती तेल कंपनी, बार्जचा मालक आणि विमा कंपनी. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर काम करवून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते, तोच पुढे ठेकेदाराकडून वसूल करो. छोटे ठेकेदार पत्ता बदलतात, गाशा गुंडाळतात. म्हणून एकट्यावर विसंबून राहू नका.

भरपाईच्या कायद्याऐवजी दिवाणी न्यायालयात हलगर्जीपणाचा दावा केला तर ३२ हजारांच्या पूर्ण पगारावर जास्त रक्कम मागता येते, हेही खरं. पण दोन्ही एकदम करता येत नाहीत, एक निवडावा लागतो. तिथे दोष सिद्ध करायची जबाबदारी तुमची, वर्षं जास्त, आणि मुदत तिथेही मृत्यूपासून दोनच वर्षं. दोन लहान मुलं, म्हातारी सासू आणि हातात कागद थोडे, अशा घराला मी तरी आयुक्तांचाच रस्ता सुचवीन. दुसऱ्या वकिलाचं मत वेगळं असू शकतं, जरूर विचारा, पण विचारण्यात तीन महिने घालवू नका.

सासूबाईंबद्दल थोडं. सासरे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्या विधवा आई म्हणून कायद्याने अवलंबितांमध्ये येतातच, तुम्ही आणि मुलांसारख्याच. रकमेची वाटणी आयुक्त करतात, मुलांचा वाटा बहुधा बँकेत ठेव म्हणून ठेवतात. त्यांना हे सांगून बघा. अनेक घरांत "कोर्टकचेरी नको" यामागे "सून पैसे घेऊन माहेरी जाईल, माझं काय" ही भीती असते, ती तोंडाने बोलून दाखवता येत नाही. मुलगा गेल्यावर त्या आईला दुसरा आधार कोणता? अर्जात त्यांचं नाव अर्जदार म्हणून तुमच्या शेजारी लिहा. कामगार न्यायालयात जाताना त्यांना सोबत घेऊन जा.

आता त्या वहीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. तुम्ही दोन पानांचे फोटो पाठवलेत. तारीख, त्याखाली "स. ६ ते रा. ८", कडेला ओव्हरटाइमचे तास आणि काही ठिकाणी फोरमनच्या नावाचं आद्याक्षर. शेवटच्या चार दिवसांत दोन वेळा "रा. ११" लिहिलंय. ठेकेदाराने पुरे पैसे द्यावेत म्हणून तुमच्या मिस्टरांनी हे टिपलं असणार. पण आज ही वही तीन ठिकाणी बोलते. ते त्या तारखांना कामावर होते हे ती सांगते. पगाराखेरीज ओव्हरटाइम होता हे सांगते. आणि अपघाताआधी माणूस किती तास उभा होता हे सांगते, जे सुरक्षेच्या चौकशीत कोणी आपणहून मांडणार नाही. मूळ वही कोणालाही देऊ नका. ठेकेदाराला नाही, मदत करतो म्हणणाऱ्या कोणालाही नाही. प्रत्येक पानाची झेरॉक्स आणि फोटो काढा, वही घरात कुलुपात ठेवा. त्यांचा मोबाइल फॉरमॅट करू नका, सिम बंद होऊ देऊ नका. त्यात डेकचे फोटो, ग्रुपवरचे मेसेज, टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीच्या) सह्यांचे फोटो असू शकतात. त्यांच्या पाळीतले दोघं-तिघं आपापल्या गावी गेले असतील, त्यांचे नंबर त्यातच मिळतील. एकाने जरी आयुक्तांसमोर येऊन "हो, आम्ही सोबत होतो" म्हटलं तरी खूप झालं.

आणि चौकशीलाही वाऱ्यावर सोडू नका. भरपाईसाठी तिची गरज नाही, पण तुमच्या मिस्टरांच्या जागी आज दुसरा कोणीतरी फिटर त्याच डेकवर उभा आहे. कदाचित नाशिकचाच, इगतपुरी किंवा सिन्नरचा. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आणि नौवहन महासंचालनालय या दोघांना रजिस्टर पोस्टाने पत्र लिहा: मी मृताची पत्नी, माझ्याकडे त्यांच्या ड्यूटीच्या तासांची नोंद आहे, अमुक साक्षीदार आहेत, आणि माझे हे प्रश्न आहेत. मग स्लिंगचे ते प्रश्न क्रमाने लिहा. बार्जवर त्या दिवशी कोण कोण होतं ती पीओबी यादी, त्या कामाचं वर्क परमिट आणि क्रेनची कागदपत्रं चौकशीत घेतली का, हेही विचारा. अहवाल माहिती अधिकारात मागता येतो, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. "तपास चालू आहे" म्हणून नकार आला तर पहिलं अपील करा. माहिती दिल्याने तपासाला नेमका काय अडथळा येतो, हे त्यांना सांगावं लागतं.

पोलिसांकडून अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक, पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मिळवा. तुमच्याकडच्या मृत्यूच्या कागदावर ठाण्याचा शिक्का बघा. मुंबई हायची प्रकरणं बहुधा यलो गेटकडे असतात. गुन्हा दाखल झाला असेल तर तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि मृताचे वारस म्हणून विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलात तर एका दिवसात होईल. एकट्या जाऊ नका, दिरांना न्या. दिरांना हे काम दिलंत तर त्यांचाही सूर बदलेल असं वाटतं.

भविष्य निर्वाह निधीचंही तपासा. ते पैसे या भरपाईतून वजा होत नाहीत. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ठेव संलग्न विम्यात ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते, शिवाय तुम्हाला आणि मुलांना पेन्शन. सातपूरलाच त्र्यंबक रोडवर त्यांचं कार्यालय आहे. फॉर्म २०, १०-डी आणि ५-आयएफ मागा. ठेकेदाराने निधी कापला पण भरला नाही असं निघालं तर तक्रारही तिथेच.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर आधी बोलायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मृत्यूचा दाखला, पगार जमा होत होता ते पासबुक, ऑफशोअरचा गेटपास आणि प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, ३ लाखांच्या चेकची नोंद, आणि वहीच्या झेरॉक्स, एवढं एका पिशवीत घाला. लग्नाचा दाखला नसेल तर रेशनकार्ड चालेल, त्यासाठी अडू नका. वही मात्र घरीच राहू द्या, आणि न्यायालयात दाखवायची वेळ येईल त्या दिवशी ती तुम्ही स्वतःच्या हाताने न्या.